पेटीतली ब्लँकेटं

मिशनच्या मुलींच्या शाळेतून हन्नाबाई साळवे निवृत्त झाल्या त्याला सहा वर्षं झाली होती. तेव्हापासून चर्चच्या मंडळीच्या कमिटीने त्यांच्याकडे एक काम सोपवलं होतं. कोपरगावजवळच्या म्हाताऱ्यांच्या आश्रमाची वर्षातून एकदा तपासणी करायची आणि अहवाल लिहायचा. एकोणीसशे सेहेचाळीसच्या जानेवारीत त्या निघाल्या तेव्हा गुडघे इतके धरले होते की नगरच्या स्टेशनवर डब्यात चढताना दोघांना हात द्यावा लागला. यंदा जाऊ नये असं मनातून वाटत होतं. पण नाही म्हणायलाही अंगात त्राण लागतं.

आश्रमात सतराजण होते. कुणाची मुलं गिरणीत गेली ती परतली नव्हती, कुणाला मुळात कोणी नव्हतंच. त्यांचं सगळं बघायला व्यवस्थापक अब्राहाम आणि त्याची बायको मरिया, एवढी दोघंच.

हन्नाबाईंनी नेहमीप्रमाणे एकेक गोष्ट पाहिली. रांजण झाकलेले होते. दात नसलेल्यांना मरिया भाकरी आमटीत कुस्करून देत होती. प्रत्येक बाजेवर लाल ब्लँकेट घडी घालून ठेवलेलं, त्यावर एक डागही नाही. हन्नाबाईंनी कागदावर ‘पांघरुणे उत्तम’ असं लिहिलं. शेवटच्या बाजेवरच्या कडूबाईला जवळजवळ दिसत नव्हतं. तिने चाचपडत त्यांचा हात धरला.

“बाई, तुमी रोज येत जा,” ती म्हणाली.

म्हातारीला माणसाची ओढ असेल असं हन्नाबाईंना वाटलं. त्यांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि पुढे गेल्या.

दुपारी स्टेशनवर कळलं की गाडी तीन तास उशिरा आहे. वारं बोचरं होतं. टांगेवाला अजून तिथेच होता, तेव्हा मरियाकडे घोटभर चहा घेऊन बसावं म्हणून त्यांनी टांगा माघारी वळवायला सांगितला.

त्या ओसरीवर आल्या तेव्हा अब्राहाम एका मोठ्या पत्र्याच्या पेटीत ब्लँकेटं रचत होता. मध्ये मध्ये कडुनिंबाचा पाला घालत होता. आत बाजांवर फाटक्या गोधड्या दिसत होत्या. कडूबाईने अंगावर गोणपाट ओढून पाय पोटाशी घेतले होते.

अब्राहामने काही लपवलं नाही. तो पेटीच्या कडेला टेकून खाली बसला. हन्नाबाईही खांबाला धरून बसल्या. हे काय, असं त्यांनी हळूच विचारलं.

“दोन वर्षांपूर्वी ही रोजच्या वापरात होती, बाई,” तो म्हणाला. “म्हाताऱ्या माणसांचं कसं, अंगावर सांडतं, अंथरूण ओलं होतं. धुवायला आम्ही दोघंच. त्या वर्षी तुमच्या अहवालात आलं, पांघरुणे मळकट व दुर्गंधीयुक्त. कमिटीने मला नगरला बोलावून सगळ्यांसमोर उभं केलं. तेव्हापासून तुम्ही यायच्या दिवशीच काढतो.”

हन्नाबाईंना ती ओळ आठवली. याच ओसरीवर बसून लिहिली होती. लिहायला दोन मिनिटंही लागली नव्हती, आणि परतीच्या गाडीत त्या ती विसरूनही गेल्या होत्या. रागवावं असं वाटलं, पण राग कुणावर काढायचा ते कळेना.

“मागच्या थंडीत दोघं गेली,” अब्राहाम म्हणाला. “थंडीनेच गेली असं मी म्हणत नाही. पण झोप लागत नाही मला.”

मग हन्नाबाईंनी पेटी पुन्हा रिकामी करायला लावली. अब्राहाम, मरिया आणि त्या, तिघांनी मिळून सतरा ब्लँकेटं वाटली. कडूबाईच्या अंगावर घातलं तसं तिने विचारलं, “परत तपासनी हाय व्हय?” नाही, आता हे कुणी काढून घेणार नाही, असं हन्नाबाईंनी सांगितलं. कडूबाईचा विश्वास बसलेला दिसला नाही. तिने ब्लँकेटची किनार दोन्ही मुठींत घट्ट धरून ठेवली.

सकाळी लिहिलेला कागद हन्नाबाईंनी गाडीत फाडला. नव्या अहवालात त्यांनी सगळं लिहिलं, दोन वर्षांपूर्वीची स्वतःची ओळसुद्धा. आश्रमाला आधी धुण्याला एक बाई द्या, आणि मळकं पांघरूण दिसलं तर ते कुणी तरी पांघरलेलं आहे असं समजा, अशी मागणी केली.

कमिटीत अहवाल वाचला तेव्हा एक गृहस्थ म्हणाले की अब्राहामला काढून टाकावं. हन्नाबाई वाद घालण्याइतक्या ताज्यातवान्या नव्हत्या. “मग आधी मला काढा,” एवढंच त्या म्हणाल्या. विषय तिथेच थांबला. खूप चर्चेनंतर धुण्याची बाई मंजूर झाली. शेजारच्या वाडीतली छबूबाई जूनपासून कामाला येऊ लागली. पुढच्या वर्षीची तपासणी कमिटीने दुसऱ्या कुणाला तरी दिली आणि हन्नाबाईंनी त्याबद्दल कधी विचारलं नाही.

कडूबाई मात्र जूनपर्यंत राहिली नाही. ती चैत्रात गेली. मरियाचं चार ओळींचं पत्र आलं, त्यात कशाने गेली ते लिहिलेलं नव्हतं. हन्नाबाईंनी पत्र दोनदा वाचलं. उलटटपाली विचारावं असं त्यांच्या मनात आलं, शाईची दौतही त्यांनी पुढे ओढली. मग काही न लिहिताच उठून उंबऱ्यापाशी गुडघे चोळत बसून राहिल्या.