गरम म्हणून कोंडलेली बाजरी

एक होतं वाटूर गाव. वाटुरात होते रखमाजी, त्यांची बायको गोजरबाई आणि जालना शहरातल्या मस्तगडातून आलेली, गव्हाच्या पोळीवर वाढलेली त्यांची सून विमल. आणि त्यांच्या कणगीत होते मी. मी बाजरी बोलतेय! जरा सरकून बसा, हसू आलं की मी सांडते.

बियाणेवाल्यांनी कणसामागून कणीस तपासलं, ज्यात लोह जास्त तेच बी पुढं धरलं. असं करत करत मी झाले. दिसायला राखी, अंगानं टपोरी. सन दोन हजार उलटल्यावर कधीतरी रखमाजींनी जुन्या जालन्यातून माझी पिशवी आणली.

"हिच्यात म्हणे लोखंड हाय," ते उंबऱ्यातूनच म्हणाले.

गोजरबाईंनी मला दाताखाली कटकन फोडलं. "हात्तिच्या! गंडवलं तुमाला. हिच्यातून विळ्याची पातीबी निघायची न्हाई."

तरी पेरली मला. मी वाऱ्यावर डुलले, पाखरांशी भांडले आणि दसऱ्याआधी कणगीत येऊन बसले.

तेवढ्यात घरात नवल सुरू झालं. चुलीची कड रोज थोडी थोडी नाहीशी व्हायची. गोजरबाई लिंपायच्या, सकाळी पुन्हा खड्डा. "उंदरं मातली!" म्हणून त्यांनी मांजर आणलं. मांजर चुलीपाशी बसून नुसतं विमलकडं बघायचं.

एका दुपारी सासू अचानक आत आली, तर सुनेच्या ओठांवर माती.

"अगं बाई! हाच का माझा उंदीर?"

"आत्याबाई, राहवतच नाही हो. मातीचा वास आला की जीव तुटतो."

विमल पोटुशी होती. गोजरबाईंनी तिला तशीच दवाखान्यात नेली. तिथल्या नर्स उषाबाईंनी तिची खालची पापणी ओढून पाहिली आणि त्यांचं हसू गेलं.

"पांढरीफटक! रक्तच नाही अंगात. असंच राह्यलं तर बाळंतपणात जिवावर बेतेल. गोळ्या घे, पालेभाजी खा. अन् ती नवी बाजरी हाय ना तुमच्यात? रोज भाकर खा तिची."

"बाजरी? पोटुशीला?" गोजरबाई उठूनच उभ्या राहिल्या. "लई गरम असती ती! लेकरू उकडून निघंल!"

झालं! कणगीचं तोंड बंद. ज्या पोरीसाठी मला घडवलं, ती बाहेर भिंत धरून चालतेय आणि मी आत कोंडलेली. दाण्याला पाय असते तर मी उडी मारून तव्यावर जाऊन बसले असते!

मग संक्रांतीच्या आदल्या दिवशी भोगी आली. भोगीला तीळ लावलेली बाजरीची भाकरी घरातल्या प्रत्येकानं खायचीच. गोजरबाईंनी सगळ्यांना ती वाढली, विमलच्या ताटात मात्र पोळी.

विमल हळूच म्हणाली, "आत्याबाई, न खाई भोगी, तो सदा रोगी. तुम्हीच म्हणता ना?"

सासूचा हात हवेतच अडकला. ही मोडावी तर रीत, ती मोडावी तरी रीत!

रखमाजी मिशीत हसले. "आता बोल की!"

"बोलू काय, कपाळ?" गोजरबाईंनी भाकरी उचलली, तिच्यावर लोण्याचा हा एवढा गोळा थापला. "घे. लोण्यानं गार केलीय बराबर. पन उद्या न्हाई, हां!"

दुसऱ्या दिवशी विमलनं पुन्हा ताट पुढं केलं. तिसऱ्या दिवशी गोजरबाईंनीच हाक मारली, "भाकर टाकू का गं? लोणी उरलंय." त्या घरात लोणी मग रोजच उरायला लागलं.

सगळं मीच केलं असं म्हणणार नाही. गोळ्या होत्या, मेथी-शेपूही होते. पण गोळीची चव विमलला विचारा आणि माझी विचारा! हळूहळू तिचं चुलीकडं बघणं सुटलं. उषाबाईंनी पापणी ओढली आणि म्हणाल्या, "आता कशी लाल!" विमल बाळंतपणाला माहेरी निघाली तेव्हा गोजरबाईंनी माझं गाठोडंच तिच्या डोक्यावर... नाही नाही, रखमाजींच्या डोक्यावर दिलं.

चैत्रात विमल सुखरूप बाळंत झाली. मुलगी! बारशाला गोजरबाई मस्तगडात आल्या त्या माझ्या घुगऱ्या शिजवूनच.

"उन्हाळ्यात बाजरी?" शेजारीण दचकली. "गरम नाही का पडायची?"

"गप खा!" गोजरबाईंनी तिची ओंजळ भरली. "माझ्या सुनंला इचार."

बायांनो, माझंही एवढंच मागणं. मला भोगीपुरती ठेवू नका, आणि बाई सगळ्यांच्या मागून जेवायला बसली म्हणून तिची भाकरी लहान करू नका. आता मूठभर उरलेय, ती येत्या पेरणीसाठी. येते मी.

जाता जाता पाळण्यात डोकावले. नात गुलाबी टाचांनी लाथा झाडत होती, आणि आजी दोरी हलवायची विसरून त्या टाचांकडंच बघत होती.