बाबांच्या डोळ्याइतका उंच

मित्रांनो, मी कॅमेऱ्याचा एक जुना ट्रायपॉड आहे. पाय तीन, पण स्वतःहून एक पाऊल टाकायची सोय नाही! कुणी पाठीवर घेतलं तरच माझा प्रवास. तरी माझी तक्रार नाही. ज्या डोंगरावर भल्याभल्यांना धाप लागते, तो मी कितीदा तरी आयता चढलो आहे.

एका कारखान्यात नळ्या एकात एक सरकवून माझे पाय केले, टोकांना रबरी बूट चढवले आणि मधोमध वरखाली होणारा दांडा बसवला. दांड्याच्या खाली एक छोटा आकडा आहे. तो कशासाठी, हे मला बरेच दिवस ठाऊक नव्हतं.

दुकानात माझ्या डावीकडे एक जाडजूड दादा उभे असत. उजवीकडे एक कार्बनचे साहेब होते. त्यांच्या किमतीची चिठ्ठी वाचली की गिऱ्हाईक हळूच हात मागे घेई. मी मधला. हलका, स्वस्त आणि उंचीनं बेताचाच.

एके दिवशी बापलेक आले. मुलगी दवाखान्यात नर्स, चांगली उंच, म्हणून घरी तिला लंबू म्हणत. बाबा बुटके, पण फूटपट्टी गिळल्यासारखे ताठ. त्यांनी जन्मभर जमिनी मोजल्या आणि दर रविवारी घरामागचा डोंगर चढला. आता गुडघे साथ देईनात. तेव्हापासून ते डोंगराकडच्या खिडकीत बसायचेसुद्धा बंद झाले होते. वरून जे दिसतं ते फोटोत टिपून बाबांना घरी आणून दाखवायचंच, असं लंबूनं मनावर घेतलं होतं.

तिनं सामानानं भरलेली सॅकच सोबत आणली होती. एकेका ट्रायपॉडला ती सॅकला बांधायची आणि दुकानाचा जिना चढायची, उतरायची.

"अहो ताई, लोक वस्तू हातात घेऊन बघतात. तुम्ही तर निघालातच की!" दुकानदार म्हणाला.

दादांना घेऊन तिसऱ्या फेरीतच तिचा जीव मेटाकुटीला आला. साहेबांची किंमत ऐकून ती पायरीवरच बसली. मला घेऊन मात्र दहा फेऱ्या झाल्या तरी ती हसत होती. बाबांनी मला एका बोटानं ढकललं. मी डगमगलो.

"हा काडीपैलवान घेणार तू? वाऱ्यानं उडून जाईल."

"वर मला न्यायचाय बाबा, तुम्हाला नाही," लंबू बोलून गेली आणि तिनं जीभ चावली. बाबांनी पुढं केलेलं बोट मागे घेतलं. मी विकला गेलो खरा, पण घरी येईपर्यंत बाबांनी माझ्याकडे वळूनही पाहिलं नाही.

पहिल्याच रविवारी आम्ही माथ्यावर गेलो. लंबूनं माझा दांडा पुरता वर ओढून कॅमेरा आपल्या डोळ्यांशी आणला. वारा असा सुटला की मी लटलट कापायला लागलो. सगळे फोटो हलले. एकच जरा बरा आला, तो तिनं छापून बाबांपुढे ठेवला.

"हा माझा डोंगर नव्हे," बाबा म्हणाले. "ही पत्र्याची छपरं कुठून आली?"

"ती पहिल्यापासून आहेत, बाबा."

"मग मला तीस वर्षं कशी दिसली नाहीत?"

त्यांनी फोटो उलटा करून ठेवला. लंबूचे डोळे भरून आले. पिशवीत पडल्या पडल्या मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनीच मला गच्चीवर नेलं. "लंबू, इकडे ये. दांडा वर काढलास ना? तिथंच चुकलं. आधी पाय ताणायचे. दांडा अगदी नाइलाज झाला तरच." त्यांनी दांडा खाली सारला, पाय फाकवले आणि त्या आकड्याला पाण्यानं भरलेली बाटली टांगली. मग मला बोटानं ढकललं. मी जागचा हललो नाही.

"अरे वा, पैलवान!" ते म्हणाले. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं.

"आणि यंत्र बघणाऱ्याच्या डोळ्याला लावायचं असतं."

"बघणारी मीच ना?"

बाबा डोंगराकडे बघू लागले. लंबू त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिनं त्यांना माझ्यामागे उभं केलं, कॅमेरा बरोबर त्यांच्या डोळ्यांशी येईपर्यंत माझे पाय आखूड केले आणि तिथं तिन्ही पायांवर लाल नेलपॉलिशची रेघ ओढली.

पुढच्या रविवारी मी त्या रेघेवर उभा राहिलो. कॅमेरा बाबांच्या उंचीवर आला, तसा पुढचा खडक आपोआप आडवा आला आणि छपरं त्याच्यामागे दडली. उरलं ते नदीचं वळण आणि पलीकडची टेकडी. बाबांनी फोटो हातात घेतला, बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, "हं. इथंच उभा असतो मी." संध्याकाळी त्यांनी आपली खुर्ची खिडकीशी ओढली.

त्याला आता नऊ वर्षं झाली. मधे लंबूनं नवा मोबाइल घेतला आणि काही महिने मी कपाटामागे धूळ खात होतो. माझा एक रबरी बूटही कुठंतरी हरवला. पण ऋतू बदलला की बाबा विचारतात, "पैलवान कुठंय?" आणि माझी स्वारी निघते.

परवा लंबूच्या लक्षात आलं, बाबा वाकले आहेत. तिनं नेलपॉलिशची बाटली आणली. "बाबा, रेघ जरा खाली घेऊ का?"

"कशाला?" बाबा उखडलेच. "वाकलोय तो इथं, घरात. वर मी अजून ताठच उभा असतो."

लंबूनं बाटलीचं झाकण लावलं. ती हसतही होती आणि नाकही पुसत होती.

मित्रांनो, आम्हा ट्रायपॉडांच्या नळ्यांमधली वाळू तेवढी अधूनमधून पुसत जा. पण एखाद्या जुन्या वस्तूवर वेडीवाकडी रेघ दिसली, तर ती खरवडू नका. आधी घरातल्या मोठ्या माणसांना विचारा. तिथं कुणीतरी ताठ उभं असेल.