नमुन्याची टाकी

मासा खोटं बोलत नाही, हे मास्तरांनी मला नदीचं पाणी तपासायच्या ऑफिसातल्या पहिल्या दिवशी सांगितलं होतं. यंत्र पाण्याचं त्या घटकेपुरतं सांगतं, पण मासा त्या पाण्यात जगलेला असतो, म्हणून नदीत काय सोडलं जातंय ते त्याच्या अंगावर वाचायचं. एकोणीस वर्षं मी तेच करते आहे. कारखान्याच्या खालच्या डोहातून आलेला मासा पांढऱ्या ताटलीत घ्यायचा, खवले, डोळे, पर बघायचे, अंगठ्याने कल्ल्याचं झाकण उचलायचं आणि आतला रंग टाकीतल्या माशाच्या रंगाशी ताडून पाहायचा. ही नमुन्याची टाकी खिडकीपाशी आहे. तिच्यात डोंगरावरच्या झऱ्याचं पाणी, दर सोमवारी मास्तरांनी स्वतः कॅनमधून आणलेलं. निरोगी मासा म्हणजे तिच्यातला मासा. दोघांचे कल्ले सारखेच तपकिरी दिसले, की तक्त्यावर लिहायचं: ‘फरक नाही’. पुस्तकांत कल्ले लाल रंगवलेले असत, पण मास्तर म्हणायचे की पुस्तकांतलं सगळंच जरा भडक असतं, आणि खरा मासा डोळ्यांसमोर असताना चित्रं कशाला बघायची? हातच्या काकणाला आरसा कशाला?

मास्तरांची आम्ही थट्टाही करायचो. आमच्या गावात सगळ्यांचेच ओठ करडे, मास्तरांचे मात्र साठीतही लालचुटूक. “मास्तर, आज कुठली लाली लावलीत?” असं कुणी ना कुणी विचारायचंच. ते हसायचे आणि घरून आणलेल्या बाटलीतलं पाणी प्यायचे. पोट नाजूक आहे म्हणे. ऑफिसच्या नळाला त्यांनी कधी तोंड लावलं नाही. नदीच्या पाण्याचा दाखला सगळ्या गावाला देणारा माणूस, आणि आमच्यातल्या एकालाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

त्या वर्षी धाकट्या बहिणीचा फोन आला. नवऱ्याची बदली आमच्याकडे होत होती, मुलगी पाच महिन्यांची, वरचं दूध नुकतंच सुरू झालेलं. “ताई, पाणी चांगलं आहे ना गं तिकडचं? कोण काय काय बोलतं. तू सांगशील तसं करीन.” मी त्याच आठवड्यात बारा मासे तपासले होते. जरा ऐटीतच म्हणाले, “माझ्यापेक्षा जास्त कुणाला कळतं? ये बिनधास्त.”

ती आली. आईने नातीला उचललं आणि तिचा चेहराच उतरला. “अगं, हिचे ओठ बघ केवढे लाल! ताप आहे का?” ताप नव्हता. नखंसुद्धा गुलाबी, पोर खिदळत होती, तरी आई रात्री दोनदा उठून तिच्या कपाळाला हात लावून आली. खरं सांगायचं तर मलाही काळजी वाटली.

बहिणीने येताना बरणीत एक छोटा मासा आणला होता, पोरीला त्याचा लळा होता म्हणून. बरणीतलं पाणी बदलून आमच्या नळाचं घातलं आणि तिसऱ्या दिवशी तो वर तरंगताना दिसला. सवयीने मी त्याचा कल्ला उचलला. कडेने तपकिरी झाक चढली होती, पण आत लाल होतं, ताज्या जखमेसारखं. मी तो कागदात गुंडाळून मास्तरांकडे नेला.

मास्तरांनी कागद उलगडला आणि अंगठ्याने कल्ला उचलला. मग अगदी हळू म्हणाले, “असा रंग बघून फार वर्षं झाली.”

“आजारी आहे ना?”

त्यांनी चष्मा काढून पुसला. “हो, पोरी. आजारी लिही.”

मी लिहिलं. मात्र त्यांचं पहिलं वाक्य पायात मोडलेल्या काट्यासारखं महिनाभर सलत राहिलं. शेवटी एका सोमवारी मी ऑफिसात लवकर गेले. मास्तर रिकामा कॅन घेऊन बाहेर पडत होते. डोंगराची वाट उजवीकडे, ते डावीकडे वळले. मी मागोमाग गेले. खालच्या डोहाकाठी, कारखान्याच्या सांडपाण्याच्या नळापासून हातभर अंतरावर, ते पॅंट गुडघ्यापर्यंत दुमडून उभे होते आणि कॅन भरत होते, सावकाश, काठोकाठ.

“मास्तर, झरा?”

ते दचकलेसुद्धा नाहीत. “तू कामाला लागलीस ना, त्याच्या आधीच आटला.”

“आणि मला सांगितलं नाहीत?”

“तू कधी विचारलं नाहीस.”

एवढंच. माझा हात हातात धरून ज्यांनी मला रंग ओळखायला शिकवलं, त्यांनी केसाने गळा कापला होता, आणि आवाज मात्र नेहमीसारखाच मऊ. मला ओरडायचं होतं. त्यांच्या खांद्यावरच्या पिशवीतून डोकावणाऱ्या बाटलीकडे बोट दाखवून मी इतकंच विचारलं, “तुम्ही कुठलं पाणी पिता?” मास्तरांनी बाटली आत सरकवली, पिशवीचा बंद ओढला आणि भरलेला कॅन उचलायला मला खूण केली. आणि लाज वाटते सांगायला, मी तो एका बाजूने धरला.

टाकीपाशी कॅन टेकवला आणि तशीच घरी धावले. बहिणीला आत्ताच्या आत्ता, पोरीला घेऊन परत पाठवायचं, एवढंच डोक्यात होतं. दार उघडंच होतं. आई उंबऱ्याशी नातीला कडेवर घेऊन उभी, महिनाभरात प्रथमच निश्चिंत. पोर शांत होती, फार शांत.

“बघ,” आई म्हणाली, “उतरली एकदाची ती लाली. आता कशी आपल्या घरातली दिसते.”

मी पोरीला घेतलं. दारामागच्या आरशासमोर नेलं आणि अंगठ्याने तिचा खालचा ओठ हलकेच ओढला. मग माझा.

फरक नव्हता.