भोंग्यावरून आईचं वर्णन

आधीच सांगते, मी जाड आहे. तुम्ही मनातल्या मनात सभ्य शब्द शोधत बसण्याआधी मीच सांगून टाकलेलं बरं. मी गाडी चालवायला शिकवते. दिवसभर शिकाऊ माणसाच्या शेजारी बसून "ब्रेक! अहो, तो ब्रेक नाही!" असं ओरडायचं, हा माझा धंदा. त्यामुळे आवाज मोठा आणि रागही मोठा. अंगाचं तर सांगितलंच.

हे अंग आईवरून आलंय. आई माझ्याहून चार बोटं जास्तच रुंद, पण तिच्या मते घरात जाड एकच, ती म्हणजे मी. ती स्वतः हाडापेराने मजबूत! मला मात्र सकाळी उठल्यापासून ढोली, भोपळी, रणगाडा. "रणगाडा उठला का?" हे माझं गजराचं घड्याळ. शाळेपासून ऐकतेय, आता एक्केचाळीस पूर्ण झाली तरी ऐकतेय.

त्या दिवशी आई, मावशी आणि मी घरगुती वस्तूंच्या प्रदर्शनाला गेलो होतो. आईला बसायला मजबूत खुर्ची हवी होती. भलंमोठं मैदान, त्यावर तंबूच तंबू आणि माणसांची ही गर्दी. खुर्ची राहिली बाजूला, मावशीने आम्हाला कपड्यांच्या तंबूत ओढलं. मावशी म्हणजे आईची धाकटी बहीण, अगदी काडी. तिला कुठलेही कपडे होतात, म्हणून तिला कपड्यांचा भारी सोस.

तिथल्या विक्रेत्या मुलीने मला पाहिलं आणि शिकवल्याबरहुकूम हसली. "या ना मॅडम! तुमच्यासारख्या राण्यांसाठी आमचा वेगळा विभाग आहे. आम्ही आता जाड वगैरे म्हणतच नाही."

"राणी कसली," आई म्हणाली, "अख्खा दरबार आहे हा! तंबूचं कापड उरलं असेल तर तेच दाखव."

आजूबाजूच्या बायका हसल्या. माझं डोकंच फिरलं. मी म्हणाले, "मग डबल काढा. दरबार आईकडून वारसा म्हणून मिळालाय."

आता त्या बायका आईकडे बघून हसल्या. आईचा चेहरा एवढासा झाला. ती वळली आणि तरातरा तंबूबाहेर पडली. मला वाटलं, बाहेर उभी राहून फणफणत असेल. मी मुद्दाम दोन कपडे अंगाला लावून पाहिले. बाहेर आले तर आई नाही.

आधी राग आला, मग पिशवीकडे लक्ष गेलं. आईचा फोन माझ्या पिशवीत. आईचा चष्माही माझ्याच पिशवीत, कारण नाकावर घाम आला की ती तो काढून माझ्याकडे देते. चष्म्याशिवाय तिला पाच हातांवरचा माणूस आणि कपाट दोन्ही सारखेच. आणि प्रदर्शन सहाला संपणार होतं. संपलं की सामान भरायला ट्रक आत येतात, तेही उलटे. ट्रक मागे घेताना ड्रायव्हरला काय काय दिसत नाही, हे मी रोज शिकवते. ते मला शिकवता येतं म्हणूनच मी मावशीचा हात धरून चालू लागले.

"चल, भोंग्यावरून सांगू या," मी मावशीला म्हणाले.

पूर्वेच्या गेटजवळ पत्र्याची खोली होती. आत माइकसमोर एक गृहस्थ बसले होते. त्यांचा आवाज इतका गोड, की मी त्यांचं नाव मनातल्या मनात मधुकंठ ठेवलं. मी दारातूनच म्हणाले, "माझी आई हरवलीय. नाव लिहून घ्या."

"नाव घेत नाही आम्ही," मधुकंठ म्हणाले. "मागे नावं सांगायचो. मग भामटे ऐकायचे आणि म्हाताऱ्या माणसांना नावाने हाक मारून घेऊन जायचे. आता फक्त वर्णन. सांगा, दिसायला कशा आहेत?"

"जाड," मी म्हणाले. "जांभळे कपडे, पांढरे केस आणि चांगली जाड. लगेच सापडेल."

मधुकंठांनी दोन्ही कानांवर हात ठेवले. "तो शब्द नको. गेल्या वर्षी मी 'लठ्ठ' म्हणालो होतो. बाई सापडल्या, पण घरच्यांकडे जायच्या आधी माझ्याकडे आल्या. पर्स भरलेली होती त्यांची."

"अहो, पण ती आहेच जाड!"

"असेल गं," मावशी मध्ये पडली, "पण ताईला भोंग्यावरून जाड म्हटलं तर ती सापडायची ती सापडणार नाही. मुद्दाम लपून बसेल. मनाला लावून घेते ती. अंगाने सुखी म्हणा."

"अंगाने सुखी म्हणजे काय? बाकीच्यांचं अंग दुःखात आहे का?"

"सुदृढ म्हणतो," मधुकंठांनी निकाल दिला आणि माइक जवळ ओढला. "जांभळे कपडे परिधान केलेल्या, सुदृढ बांध्याच्या एक ज्येष्ठ महिला आपल्या कुटुंबापासून दुरावल्या आहेत..."

थोड्या वेळाने वॉचमन एका बाईंना घेऊन आला. कपडे जांभळे, केस पांढरे, दंड मात्र कुस्तीगिरासारखे. व्यायामाच्या सायकली विकणाऱ्या तंबूच्या मालकीणबाई होत्या त्या. "मी दुरावले वगैरे नाही," त्या म्हणाल्या, "पण सुदृढ म्हणालात म्हणून आले. कोणी तरी ओळखलं म्हणायचं." मधुकंठांचा हात हातात घेऊन त्यांनी असा दाबला, की गृहस्थ पुढची सूचना डाव्या हाताने माइक धरून देत होते.

"भारदस्त," ते आता म्हणाले. "भारदस्त व्यक्तिमत्त्वाच्या."

भारदस्तला वॉचमनने कोणाला आणावं? एका वाळक्या, ताठ मुख्याध्यापिकेला. तिने आत येऊन पहिल्यांदा आमच्या खोलीतला केर पाहिला, मग वॉचमनचा शर्ट आत खोचायला लावला आणि निघून गेली. भारदस्त होती, नाही म्हणत नाही. पण आई कुठाय?

"वळणदार बांध्याच्या म्हणू का?" मधुकंठ घाबरत घाबरत म्हणाले.

"वळणदार अक्षर असतं, माझी आई नव्हे! अहो, तिकडे ट्रक आत येतील, आणि तुम्ही इथे विशेषणं चाखत बसलाय! तिला दिसत नाही हो!" माझा आवाज शेवटी चिरकला. मावशीने माझ्या पाठीवर हात ठेवला.

तेवढ्यात लांबून दुसरा भोंगा ऐकू आला. पश्चिमेच्या गेटवरचा. तिथे कोणी घोगऱ्या आवाजाची बाई होती. "एक मुलगी हरवली आहे हो. पिवळे कपडे. गुटगुटीत आहे, गाल गुबगुबीत आहेत, हसली की फार गोड दिसते. तिची आई वाट बघतेय."

"अगं बाई, लेकरू हरवलं कोणाचं तरी," मावशी हळहळली. "तुझ्यासारखेच पिवळे कपडे आहेत बघ."

"असतील. पिवळ्याची फॅशन आहे सध्या."

मला खरंच वाईट वाटलं. एवढंसं पोर या गर्दीत! पण म्हटलं, त्याची आई तरी जागेवर आहे. आमची कुठे आहे?

"त्या गेटवर फोन करा ना," मी मधुकंठांना म्हणाले. "आईला तिकडेही पुकारू देत. अर्ध्या मैदानात तुमचा आवाज पोहोचत नाही."

मधुकंठ अवघडले. "त्या बाई आणि मी बोलत नाही."

"काय?"

"त्यांचा ठेकेदार वेगळा, माझा वेगळा. आणि परवा मी बोलत असताना त्यांनी मध्येच सूचना सुरू केली. दोनदा. तेव्हापासून बंद."

"अहो, तुम्हा दोघांना बोलायचेच पैसे मिळतात ना!" मी किंचाळले. शिकाऊ माणसाने सिग्नल तोडला तरी मी एवढी किंचाळत नाही. मधुकंठ खुर्चीसकट मागे सरकले आणि त्यांनी घाईघाईने माइक चालू केला. "प्रसन्न, ऐसपैस, मनाने मोठ्या..." काहीही बोलायला लागले बिचारे.

तिकडून परत घोगरा आवाज आला. "ती गुटगुटीत मुलगी अजून सापडलेली नाही हो. रागावलेली असेल. रागावली की खालचा ओठ पुढे काढते. तिला भूक लागली असेल, भूक लागली की तिला रडू येतं. कोणी तिला ओरडू नका. फार गुणी आहे, घर तिच्यावर चालतं."

"घर चालतं?" वॉचमन म्हणाला. "एवढ्याशा पोरीवर?"

"आईबापांनी कामाला लावलं असेल," मी फणकारले. "लाज वाटायला हवी. मुलीला राबवायचं आणि मग भोंग्यावरून गळा काढायचा!"

मावशी माझ्याकडे निरखून पाहायला लागली. "तुझा ओठ," ती म्हणाली.

"माझ्या ओठाला काय झालंय?"

ती काही बोलणार, एवढ्यात भोंगा पुन्हा खरखरला. पलीकडे कुणीतरी कुणाला तरी काही विचारत होतं, ते अर्धवट ऐकू आलं, आणि मग ती बाई जरा अडखळत म्हणाली, "मुलीचं वय... वय वर्षं एक्केचाळीस."

वॉचमनने माझ्या पिवळ्या कपड्यांकडे पाहिलं, मधुकंठांनी माझ्या गालांकडे पाहिलं.

मी धावत सुटले. मी धावत नाही, हे तुमच्या लक्षात आलंच असेल. पण त्या दिवशी त्या मैदानातून मी अशी गेले, की लोकांनी आपणहून वाट दिली. मागून मावशी "अगं हळू, अगं पडशील" करत येत होती. भीती होती, हसू होतं आणि तिसरंही काहीतरी होतं. गुटगुटीत? आई? मला?

पश्चिमेच्या खोलीत आई प्लास्टिकच्या खुर्चीवर ताठ बसली होती, डोळे बारीक करून दाराकडे बघत. मी अजून बाहेरच होते, तर म्हणाली, "आली. अशी धपधप दुसरं कोण येणार!" आणि मी आत पाऊल टाकताच, "कुठे उलथली होतीस गं? घसा बसला या बाईंचा!"

त्या बाईंचा घसा जन्मापासून तसाच असावा, पण त्यांनी मान हलवली.

"गुटगुटीत?" मी धापा टाकत म्हणाले. "अगं, बाळ असतं गुटगुटीत! एक्केचाळीस वर्षांची घोडी गुटगुटीत?"

"मग काय सांगू? जाडी?"

"रोज तेच तर म्हणतेस!"

"मी म्हणते," आई उसळून म्हणाली. "मी आई आहे. मी रणगाडा म्हणीन, नाहीतर डोंगर म्हणीन. पण या अख्ख्या मैदानाने माझ्या लेकीला का म्हणून म्हणावं? ते कोण लागून गेले?"

मग तिचा आवाज उतरला. "या बाईंनी विचारलं, दिसते कशी. मी डोळ्यांपुढे आणलं तर... तशीच आलीस. गुटगुटीत. मी काय करू?"

मला रडू फुटलं. अगदी मोठ्याने, भूक लागल्यासारखं. मी तिच्या गळ्यात पडले. आम्हा दोघींचं मिळून वजन काही कमी नाही, ती खुर्ची करकरली आणि मावशीने मागून खुर्चीची पाठ घट्ट धरून ठेवली.

"तू त्या तंबूत जे बोललीस ना," आई माझ्या खांद्यात तोंड खुपसून म्हणाली, "ते फार लागलं मला."

"मलाही लागलं, तू बोललीस ते."

"हं," आई म्हणाली. आणि मला आणखी घट्ट धरलं. थोड्या वेळाने पुटपुटली, "आणि तू? तू शोधलंस तरी का मला?"

"अगं, केव्हापासून ओरडतोय आम्ही! सुदृढ, भारदस्त, मनाने मोठी!"

"ती मी होय?" आई चाटच पडली. "मला वाटलं, कोणी मोठ्या हुद्द्यावरची बाई हरवलीय. मी म्हटलं सुद्धा यांना, भेटू देत बिचारीला तिची माणसं." आणि तिने हळूच केसांवरून हात फिरवला.

घोगऱ्या बाई खाकरल्या. "काकू, मुलगी सापडली म्हणून सांगायला हवं. लोक अजून शोधताहेत. आइस्क्रीमवाला तर टेबलांखाली वाकून बघतोय म्हणे."

त्या माइककडे वळल्या, तर आईने मला बाजूला सारून माइक स्वतःकडेच ओढला. तोंडाच्या फार जवळ धरला, म्हणून तिचा आधी श्वास साऱ्या मैदानाला ऐकू गेला आणि मग आवाज.

"ऐका हो. माझी मुलगी सापडली. होती तेवढीच्या तेवढी सापडली, कुठे काही कमी झालेलं नाही. आता कोणी शोधू नका."

लांबून, तंबूंच्या पलीकडून टाळ्या ऐकू आल्या. ते एक्केचाळीस लोकांनी बोलण्यातली चूक समजून सोडून दिलं असणार; त्यांना वाटलं, पाच वर्षांचं पोर आईला भेटलं. मी काही त्यांचा गैरसमज दूर करायला गेले नाही.