मेव्हण्याचं नाक

"अजून वाका. एवढ्या लांबून काय कळणार?" मेकॅनिक म्हणाला.

मेव्हण्याने बॉनेटखाली वाकून गिअरबॉक्सच्या तेलाची पट्टी हुंगली आणि तोंड फिरवलं. "दाजी, हे काम तुमचं ना?"

"माझंच. पण नाक तुम्ही फोडलंत."

हे खरं होतं. लग्न ठरलं तेव्हा 'तेलाचा वास मारणारा माणूस माझ्या बहिणीला नको' असं ओरडत मेव्हण्याने ठोसा हाणला होता. हाड जुळलं, पण वास गेला तो गेलाच. लग्न झालंच. तेव्हापासून तेलाचा वास घरात सगळ्यांना येई, फक्त मेकॅनिकला सोडून. मेव्हणा त्यानंतर फिरकला नव्हता. आज गाडी हिसके द्यायला लागली आणि जवळपास दुसरं गॅरेज नव्हतं.

एरवी ऑटोमॅटिक गाडी आली, की पट्टी शेजारचा पंक्चरवाला हुंगून द्यायचा. आजही तो हात पुसत उठला.

"तू बस," मेकॅनिक म्हणाला. "आज पाहुण्यांनी स्वतःचं नाक आणलंय."

त्याने पट्टी पुसली, इंजिन चालू ठेवूनच गिअरबॉक्समध्ये परत घातली, काढली आणि एक थेंब पांढऱ्या कागदावर टेकवला. ना चांगल्या तेलासारखा धड लाल, ना जळक्यासारखा धड तपकिरी. म्हणजे निकाल नाकाकडेच.

"जळका येतोय?"

"बहुतेक."

"बहुतेकवर गिअरबॉक्स खोलत नाहीत. परत हुंगा."

"येतोय हो! करपलेल्या पावासारखा."

मेकॅनिकने इंजिन बंद करून किल्ली खिशात टाकली. "तेल बदलावं लागेल. पण आधी तुमच्या नाकाची खात्री पटू दे."

मग त्याने पेट्रोलचं फडकं हुंगवलं, ग्रीसचा डबा हुंगवला, शेवटी पंक्चरवाल्याची चप्पल. ती त्याने हौसेने काढून दिली होती. मेव्हण्याच्या डोळ्यांना धार लागली.

"सूड घेताय, दाजी."

"मग? लपवलंय का मी?"

मेकॅनिकने साबणाने हात धुतले, कोरडे केले आणि जेवणाच्या डब्याच्या पिशवीतून एक छोटा स्वेटर काढला. चेन अडकते म्हणून नीट करायला सकाळी घरून आणला होता.

"आता हा."

"कुणाचा?"

"तुमच्या भाचीचा. ती झाली तेव्हा जो तो तिचं डोकं हुंगायचा आणि डोळे मिटायचा. मीही मिटले. उगाच."

पंक्चरवाल्याने चप्पल पायात सरकवली आणि तो बाहेर जाऊन उभा राहिला.

मेव्हण्याने स्वेटर नाकाशी धरला. बराच वेळ धरला.

"साबण," तो म्हणाला. "तासलेली पेन्सिल. आणि…"

"आणि?"

"तेल. तुमचं तेल, दाजी."

"बहुतेक?"

"नाही. नक्की."

"परत हुंगा," मेकॅनिक म्हणाला, आणि डोळे मिटून उभा राहिला.