डिस्कवर लिहिता आलं नाही
वहिनीचा फोन आला तेव्हा मी दुकानात एका लॅपटॉपच्या पोटात हात घालून बसलो होतो.

"भावजी, कॉम्प्युटर काही केल्या सेव्ह करत नाहीये. 'डिस्कवर लिहिता आलं नाही' म्हणतो. सकाळी गुणी बाळासारखा चालतो आणि तीन वाजले की अंगात येतं त्याच्या."

वहिनी घरी बसून जुने फोटो दुरुस्त करते. फाटलेले, कसर लागलेले, पुसट झालेले. एकेका चेहऱ्यावर दोन-दोन दिवस घालवते. त्या आठवड्यात तिसऱ्यांदा तिची तयार फाइल अर्धवट लिहून बंद पडली होती.

संध्याकाळी जाऊन आधी तिचं सगळं काम माझ्या डिस्कवर उतरवून घेतलं. मग तिची डिस्क तपासली. एकही खराब जागा नाही. केबल बदलली. दुसऱ्या दिवशी तीनला पुन्हा तेच. नवी कोरी डिस्क बसवली, तीही तीनलाच अडली. जुनी मी दुकानात नेऊन दोन दिवस तिच्यावर नुसता लिहीत राहिलो. एक चूक नाही.

"दोन्ही एकदम कशा बिघडतील?" वहिनीनं विचारलं.

"दोन्ही धडधाकट आहेत. आजार तुझ्या घरात आहे."

थट्टेत म्हणालो खरा, पण म्हटल्यावर मलाच बरं वाटेना.

पुढच्या दुपारी मीटर घेऊन बसलो. तीनला पाच कमी, प्लगमध्ये दोनशे तीस व्होल्ट. तीन वाजले आणि आकडा घसरला. एकशे ऐंशी, दोनशे दहा, एकशे साठ. धाप लागल्यासारखा. छतावर काहीतरी जड सरकलं.

"वर कोण राहतं?"

"शिवणवाल्या मावशी. तीन वाजता इस्त्रीला बसतात."

वरच्या-खालच्या दोन घरांना भिंतीतून एकच तार होती. वर इस्त्री तापली की खाली दाब पडत होता. एवढंच होय, म्हणून मी हसणार, तोच वास आला. कुजक्या मासळीसारखा, त्यात जळकटपणा.

"आठवडाभर येतोय," वहिनी म्हणाली. "उंदीर मेला असेल म्हणून कपाटसुद्धा ओढून पाहिलं."

तारेवरचं प्लास्टिक तापलं की असाच वास येतो. मी कपाटामागे हात घातला. त्या बाजूला भिंतीवर लाकडी फळ्या मारलेल्या होत्या. त्या गरम होत्या, तापानं फणफणलेल्या माणसाच्या कपाळासारख्या. वहिनीनंही हात लावला आणि झटकन मागे घेतला.

तिनं दादाला फोन लावला. "रविवारी बघू," दादा म्हणाला. "इतकी वर्षं काही झालं नाही, चार दिवसांत काय होतंय?"

तिनं फोन ठेवला. "भावजी, मेन स्विच पाडा."

पाडला. वरचं घरही त्याच स्विचवर होतं. पंखा थांबला, घर गप्प झालं. फळ्यांच्या मागे बारीक चरचर मात्र चालूच होती. वीज नव्हती, तरी आत काहीतरी कुरतडत वर सरकत होतं.

वहिनी धावत वर गेली. मावशी हटायला तयार नाहीत. "अर्धा ढीग राहिलाय गं, इस्त्री कोणी बंद केली?" वहिनीनं त्यांचा दंड धरला आणि जिन्यावरून जवळजवळ ओढतच खाली रस्त्यावर आणलं. मी अग्निशमनवाल्यांना बोलावलं.

त्यांनी फळी उचकटली. आत काळं भगदाड. वारा लागताच ज्वाळा सरळ वर गेली. अर्ध्या तासात आग विझली, पण तोवर मावशींची जमीन खचून इस्त्रीचं टेबल वहिनीच्या छतातून लोंबत होतं. माणसाला ओरखडा नाही. शिवलेले सगळे कपडे गेले.

मावशी फुटपाथवर बसल्या होत्या, गळ्यात मोजपट्टी तशीच.

"महिनाभर पायाला ऊब लागायची," त्या म्हणाल्या. "बरं वाटायचं गं मला."

वायरमननं दुसऱ्या दिवशी जळका जोड दाखवला. तारांची टोकं एकमेकांत पिळलेलीच नव्हती, नुसती पट्टी गुंडाळून भिंतीत कोंबलेली. "सगळ्या इमारतीचं काम एकाच हातचं आहे," तो म्हणाला. "बाकीच्या भिंतीही उघडून बघा."

मी आणि वहिनी दारोदार फिरलो. दोघांनी ऐकलं. तिसऱ्या घरी गृहस्थांनी साखळी न काढताच सांगितलं, "आत्ताच रंग दिलाय. आमच्याकडे वासबीस काही नाही." दार लागलं.

मी जिना उतरू लागलो. वहिनी जागची हलली नाही.

"भावजी, आत दोन लहान मुलं आहेत," ती म्हणाली, आणि तिनं पुन्हा बेल दाबली.