सव्वीस गुरुवार

"आज मंगळवारच्या कशा काय आला बाई?" गोजाबाईंनी शेणाची पाटी खाली ठेवत विचारलं. "तुमी तर बेस्तरवारच्या."

विजयश्री ओढ्याकडे बघत उभी होती. चाकणच्या अलीकडच्या या ओढ्यातून दर पंधरवड्याला ती बाटलीभर पाणी नेत असे, आणि आता त्यावर लिहिलेल्या सरकारी अहवालाच्या मुखपृष्ठासाठी एक बरा फोटो हवा म्हणून कॉलेजातून अर्धी रजा टाकून आली होती. पण फोटो काढायला पाणी दिसलं पाहिजे ना. या काठापासून त्या काठापर्यंत गुडघाभर उंच फेस साचला होता, करडा आणि चिकट.

"हे आजच झालंय का?"

"आजच कशाचं? रोजचंच हाय. फकस्त बेस्तरवारी नसतंय. कंपन्या बंद असत्यात न्हवं? मी बी म्हसरं त्याच दिशी पाण्यावर आणते." गोजाबाईंनी पदरानं तोंड पुसलं. "मला वाटायचं, तुमास्नी बी घाण बघवत न्हाई, म्हणून बेस्तरवार धरता."

विजयश्रीनं पिशवीतली बाटली काढली, फेस बाजूला सारून पाणी भरलं, बूच लावून वीस वेळा हलवली आणि घड्याळ लावलं. गुरुवारच्या पाण्याचा फेस अर्ध्या मिनिटात निम्म्यावर यायचा. साबणाचा, घरातल्या धुण्याभांड्यांचा फेस तसाच असतो, भोळा. हा अकरा मिनिटं झाली तरी हलला नाही. ती डांबरी रस्त्यापर्यंत गेली, परत आली, पुन्हा गेली. फेस उभाच होता.

डॉ. विजयश्री काळदाते ही फेसाची डॉक्टर. बुडबुडे एकमेकांना धरून किती वेळ उभे राहतात आणि का कोसळतात, यावर बाईंनी उमेदीची वीस वर्षं घातली. धड घट्ट नाहीत, धड पातळ नाहीत अशा वस्तूंचं हे शास्त्र. त्याला सॉफ्ट मॅटर म्हणतात. वडील अर्जुनराव धाराशिवकडून येऊन कंपनीत फिटर म्हणून राबले. निवृत्तीनंतर संत तुकाराम नगरच्या कट्ट्यावर बसून ते सांगत, "पोरगी संशोधन करते." कशावर, असं कुणी विचारलं की ते हवापाण्याचा विषय काढत.

ताथवड्याच्या कॉलेजात शिकवताना या फेसाला कुणी कुत्रं विचारत नव्हतं. मग तीन वर्षांपूर्वी ओढ्यानाल्यांतल्या फेसावर सरकारी समिती नेमली गेली आणि तिला बोलावणं आलं. आपण मोजलेला आकडा नियमात जाऊन बसतो, कुणाला तरी तो पाळावा लागतो, याची तिला नशा चढली. तिनं वर्षभर सव्वीस नमुने घेतले, नेटके आलेख काढले आणि निष्कर्ष लिहिला: फेस घरगुती सांडपाण्याचा आहे, कारखान्यांवर वेगळी मर्यादा नको. शुक्रवारी समिती त्यावर शिक्कामोर्तब करणार होती. अध्यक्ष घोरपडे सरांनी त्याच जोरावर दिल्लीतल्या सल्लागारपदासाठी तिचं नाव पुढे केलं होतं. सत्तेचाळिसाव्या वर्षी असं बोलावणं दोनदा येत नाही.

आणि सव्वीसच्या सव्वीस नमुने गुरुवारचे.

उभा महाराष्ट्र रविवारी सुट्टी घेतो, या पट्ट्यातले कारखाने गुरुवारी. बाहेरगावच्या माणसानं पहिल्याच दिवशी विचारलं असतं की आज इतकं सामसूम कसं. विजयश्रीला ते विचारावंसं वाटलं नाही, कारण ती त्यातच वाढली होती. गुरुवारी बाबा घरी, हे तिच्या अंगवळणी पडलेलं. सुट्टीच्याच दिवशी मटण बंद, यावर अर्जुनराव नोकरीभर कुरकुरले होते. धाकटा भाऊ सुजितही चाकणला सुट्या भागांच्या कंपनीत लागला, त्याचीही सुट्टी गुरुवारी, गाडी त्याची, म्हणून नमुन्याचा वारही गुरुवार. काखेत कळसा म्हणतात तो हा.

संध्याकाळी ती निगडीला सुजितच्या घरी गेली. तो नुकताच पहिल्या शिफ्टवरून येऊन चहा पीत होता. तिनं उभ्यानंच सगळं सांगितलं.

"बस तरी आधी," सुजित म्हणाला.

"तुला कळलं नाही का रे? तू रोज त्या रस्त्यानं जातोस. फेस बघतोस."

"बघतो की."

"मग बोलला का नाहीस?"

सुजितनं कप खाली ठेवला. "मला वाटलं, तुला माहितेय."

"माहीत असून मी गुरुवारी जाईन?"

"ताई, आमच्याकडे तपासणीला साहेब येतात ते आधी फोन करून येतात. त्या दिवशी सगळं चकाचक असतं. मला वाटलं तुझंही वरून तसंच ठरलेलं असेल." तो खाली बघत बोलत होता. "मोठ्या पदावर जायचं म्हणजे थोडं इकडंतिकडं करावं लागत असेल. मी मनाला लावून घेतलं नाही. कुणाला बोललोही नाही, बाबांनाही नाही."

सख्खा भाऊ वर्षभर शेजारी बसून गाडी चालवत होता आणि तिला लबाड समजत होता. वर प्रेमानं पांघरूणही घालत होता. याचं तिला जितकं वाईट वाटलं तितकं दिल्ली हातची जाईल याचंही वाटलं नाही. चहा न घेताच ती निघाली.

बुधवारी तिनं वर्गात एकच समीकरण दोनदा लिहिलं. दुपारी घोरपडे सरांना फोन लावला आणि बोलता बोलता कॉलेजच्या गच्चीला चार फेऱ्या घातल्या.

"मॅडम, चुका सगळ्यांच्याच होतात," सर शांतपणे म्हणाले. माणूस वाईट नव्हता. "पण आता ऐन वेळी नको. अहवाल जाऊ दे. दोन वर्षांनी फेरआढावा आहेच, तेव्हा दुरुस्त करू. दिल्लीचं पत्र सोमवारी निघतंय."

"आणि दोन वर्षं ओढा तसाच?"

"ओढा आपल्या आधीपासून तसाच आहे."

हे खरं होतं, आणि त्यामुळे ती आणखीच बेचैन झाली. गप्प बसली तर कुणालाच कळणार नव्हतं. गोजाबाई काही अहवाल वाचायला बसलेल्या नव्हत्या. सुजितला तर आधीच सगळं कळल्यासारखं होतं.

शुक्रवारी पुण्याच्या विश्रामगृहात बैठक झाली. तिची पाळी आली तेव्हा तिनं आलेख लावले नाहीत. "माझे सगळे नमुने कारखान्यांच्या सुट्टीच्या दिवशी घेतलेले आहेत," ती म्हणाली. "त्यावरून काढलेला निष्कर्ष चूक आहे. मी तो मागे घेते."

कुणीतरी खाकरलं. टिपण लिहिणाऱ्या कारकुनानं लेखणी थांबवून घोरपडे सरांकडे पाहिलं. "काय लिहू सर? तांत्रिक कारणास्तव?"

"नाही," विजयश्री म्हणाली. "चूक झाली असं लिहा. माझ्या नावानं."

अहवाल लांबणीवर पडला. निघताना घोरपडे सरांनी नमस्कार केला, पण दिल्लीचा विषय काढला नाही. स्टॉपवर उभी राहून तिनं सुजितला फोन केला आणि झालं ते दोन वाक्यांत सांगितलं.

पलीकडे मशीनचा आवाज येत होता.

"म्हणजे दिल्ली गेली," सुजित म्हणाला.

"गेली."

"मग आता?"

"आता काय, पुन्हा पहिल्यापासून. वेगवेगळ्या वारी. वर्ष जाईल."

"सोमवारी मला दुसरी शिफ्ट मिळते का बघतो. सकाळी गाडी आणतो." तो थांबला. मशीनपासून दूर गेला असावा, कारण आवाज कमी झाला. "ताई, ते बाटली हलवून तू घड्याळात काय बघतेस गं?"

वर्षभरात त्यानं हे एकदाही विचारलं नव्हतं. निगडीची बस समोर येऊन लागली. तिनं ती जाऊ दिली आणि फोन कानाशी धरून स्टॉपच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत येरझाऱ्या घालत ती धाकट्या भावाला समजावून सांगू लागली, की बुडबुडा मुळात उभा कशावर राहतो.